वडवानल आणि कंदील : समुद्राखालच्या आगीच्या एका जुन्या प्रतिमेची चिकित्सा

(अल्लीपूर, जि. वर्धा इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न व त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय छापील पत्रिकेवर वाचून काही जणांनी आम्हाला आल्याआल्याच विचारलं, "सर, अल्लीपूरला समुद्र कुठून आला?" प्रश्न रास्त आहे. इथून समुद्र गाठायचा तर पूर्वेकडे काय आणि पश्चिमेकडे काय, शेकडो कोस तुडवावे लागतात. पण आम्ही येताना एक दगड सोबत आणला आहे. हा बघा. इथल्याच एका विहिरीच्या खोदकामातला आहे. काळा आहे, जड आहे आणि अंगभर बारीक बारीक भोकं आहेत. काही भोकांत पांढरे खडे बसलेत. लहानपणी आम्ही ते खडे खिळ्यानं कोरून काढायचो आणि त्यांना हिरे म्हणायचो.

ही भोकं म्हणजे बुडबुडे आहेत. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हा पसरला, त्यात विरघळलेला वायू बाहेर पडू लागला, आणि तो पुरता निसटायच्या आत दगड थिजला. वायू गेला, त्याची जागा राहिली. पुढे पाणी झिरपलं आणि त्या जागांत पांढरी खनिजं जमली. आपली काळी माती याच दगडाची झीज आहे. म्हणजे ज्वालामुखीच्या वायूचा ठसा आपल्या विहिरीच्या भिंतीवर आहे, आणि त्याच विहिरीतून आपण पिढ्यान् पिढ्या पाणी प्यायलो. आपला लाव्हा समुद्रात नाही, बहुतांशी जमिनीवर पसरला, हेही सांगून ठेवतो. पण वायूची जात एकच.

आता मुद्द्यावर येऊ. आज आम्ही टीका करणार आहोत, पण ती एका शब्दावर. तो शब्द 'वडवानल'.

मराठीत हा शब्द सर्रास चालतो. संतवाङ्मयात 'वडवानळ' येतो. हनुमद्वडवानल स्तोत्र अनेक घरांत आजही म्हटलं जातं. 1946 सालच्या नौदलाच्या बंडावरच्या एका मराठी कादंबरीचं नावही 'वडवानल'च आहे, आणि ते समर्पक आहे. कारण समुद्राच्या पोटात दाबलेली, पाण्यानं न विझणारी आग, हा त्या शब्दाचा अर्थ. आम्ही स्वतः चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवताना दडपलेल्या रागाचं उदाहरण म्हणून हा शब्द वापरला. टाळ्याही घेतल्या. आज त्या टाळ्यांचा थोडा हिशेब द्यायचा आहे.

आधी कथा बघू. ती महाभारताच्या आदिपर्वात आहे. कृतवीर्य राजाचे वंशज भृगुकुळावर धनासाठी तुटून पडतात. गर्भातली मुलंही सोडत नाहीत. एक स्त्री आपला गर्भ मांडीत लपवते. मांडीतून जन्मला म्हणून तो और्व. त्याच्या तेजानं मारेकऱ्यांची दृष्टी जाते, ते शरण येतात, मग दृष्टी परत मिळते. पण और्वाचा राग जात नाही. तो सगळं जगच जाळायला निघतो. तेव्हा त्याचे पितर येऊन त्याला आवरतात. तो म्हणतो, माझा संकल्प फुकट जाणार नाही, ही आग आता ठेवू कुठे? पितर सांगतात, पाण्यात ठेव. तो ती समुद्रात सोडतो. तिथे ती घोड्याच्या मुखाचं रूप घेऊन पाणी पीत राहते. 'वडवा' म्हणजे घोडी.

ही कथा वसिष्ठ आपला नातू पराशर याला सांगतात. का सांगतात? तर पराशराच्या बापाला राक्षसानं खाल्लेलं आहे आणि पोरगं जगाचा नाश करायला निघालं आहे. म्हणजे मुळात ही कथा समुद्राबद्दल नाहीच. ती रागाबद्दल आहे. सूडाची ऊर्जा नाहीशी होत नसेल, तर निदान ती कुठे ठेवली म्हणजे जग वाचेल, हा तिचा प्रश्न आहे. नीतिकथा म्हणून ती अव्वल आहे, आणि तिच्याविरुद्ध आमचं एक अक्षरही नाही.

पुढे पुराणपरंपरेत याच आगीनं आणखी एक काम केलं. एवढ्या नद्या समुद्राला मिळतात, तरी समुद्र भरून का वाहत नाही? तर वडवानल पाणी पितो म्हणून. युगाच्या शेवटी तो बाहेर पडेल आणि सगळं भस्म करेल. इथे कथा निसर्गाचं स्पष्टीकरण देऊ लागते. निरीक्षण खरं आहे, प्रश्नही चांगला आहे. उत्तर मात्र बाष्पीभवनाचं आहे, आगीचं नाही. आणि जिथे कथा निसर्गाबद्दल बोलू लागते, तिथे तिची निसर्गाच्या मापानं तपासणी करायचा आपल्याला हक्क आहे.

तर तपासू. समुद्राखाली खरोखर काय आहे?

पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या शिलारसाचा बहुतेक भाग, तीन-चतुर्थांशाच्या आसपास, समुद्राच्या तळाशीच बाहेर पडतो. म्हणजे 'पाण्याखाली आग आहे' हे ढोबळ विधान खोटं नाही. पण त्या जागी ज्वाला नाही. ज्वाला पेटायला हवा लागते. तिथे आहे तापलेला खडक, गरम पाणी आणि वायू. वायूंत पाण्याची वाफ, कार्बन डाय-ऑक्साइड, सल्फर डाय-ऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड. आणि बेटांजवळच्या माणसाला धोका कशाचा, तर पुष्कळदा याच वायूंचा.

ग्रीसच्या सँटोरिनी बेटाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पांढरी घरं, निळे घुमट, लग्नाचे फोटो काढायला लोक जातात. त्या बेटाच्या ईशान्येला साधारण 7 किलोमीटरवर समुद्राखाली 'कोलुंबो' नावाचा ज्वालामुखी आहे. 1650 साली त्याचा उद्रेक झाला. सँटोरिनीवर सुमारे 70 माणसं मेली, जनावरं तर किती तरी मेली. लाव्हा त्यांच्यापर्यंत आलाच नव्हता. समुद्रावरून वाहत आलेल्या वायूनं ती मेली. कित्येकांचे डोळे काही काळ गेले.

थांबा. आत्ता काही जणांच्या मनात आलं असेल की और्वाच्या कथेतही मारेकऱ्यांची दृष्टी जाते आणि परत येते! बघा, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं! मित्रहो, हीच ती जागा जिथे आम्ही वर्गात खडू खाली ठेवायचो. हे साम्य आहे, पुरावा नाही. कथेत दृष्टी तेजानं जाते आणि शरण गेल्यावर परत येते. सँटोरिनीत दृष्टी आम्लारी वायूनं गेली आणि वायू ओसरल्यावर आली. पहिल्यात कारण नैतिक आहे, दुसऱ्यात रासायनिक. दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणून एकीनं दुसरी जाणली असं होत नाही. आपल्या पूर्वजांचा मान ठेवायचा असेल तर त्यांनी जे म्हटलं नाही ते त्यांच्या तोंडी घालू नये.

कोलुंबोकडे परत येऊ. 2006 साली शास्त्रज्ञांनी त्याच्या विवरात यंत्र उतरवलं. विवराची कड समुद्राच्या पृष्ठभागापासून जेमतेम 18 मीटर खाली आणि तळ 500 मीटरवर. म्हणजे बंद कढईच म्हणा. तळाशी 220 अंशांपर्यंत तापलेलं पाणी उसळतं आहे, आणि सोबत जो वायू निघतो त्यात 99 टक्क्यांहून जास्त कार्बन डाय-ऑक्साइड आहे. त्या वायूनं विवरातलं पाणी आंबट झालं आहे. कढईच्या कडा उंच असल्यामुळे ते जड पाणी सहज बाहेर जात नाही, साचून राहतं. बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसतं? निळाशार, शांत समुद्र.

याचं गणित गोटी सोड्याच्या बाटलीचं आहे. समुद्रात दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. 500 मीटरवर तो पन्नास पट झाला. एवढ्या दाबाखाली पाण्यात अफाट वायू विरघळून बसतो. गोटी आत ढकलली की काय होतं हे यात्रेत तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. 1986 च्या ऑगस्टमध्ये कॅमेरूनच्या न्योस तलावात तेच झालं. तो समुद्र नाही, ज्वालामुखीच्या विवरात साचलेलं तळं आहे. तळाशी साचलेला कार्बन डाय-ऑक्साइड एका रात्री उसळून बाहेर आला, दऱ्यांतून जमिनीसरसा वाहत गेला आणि सुमारे 1,700 माणसं व हजारो गुरं गुदमरून मेली. ना ज्वाला, ना लाव्हा. घरं जागच्या जागी उभी. 2001 पासून त्या तळ्यात नळ उभा करून खालचा वायू थोडा थोडा बाहेर सोडतात. बाटली एकदम फुटू नये म्हणून रोज जरा सैल करायची, इतकी साधी ती युक्ती आहे.

इटलीजवळच्या व्हल्कानो बेटाचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. 'व्होल्कॅनो' हा शब्दच त्या बेटावरून आला. 2021 च्या शेवटी तिथे वायू वाढला. उद्रेक नव्हता. पण बंदराजवळच्या वस्तीत रात्री झोपायला मनाई करण्यात आली. रात्रीच का? कारण हा वायू हवेच्या दीडपट जड. वारा पडला की तो खोलगट जागी, तळघरात, जमिनीलगत साचतो, आणि झोपलेला माणूस नेमका तिथेच असतो. कॅरिबियन समुद्रात ग्रेनेडाच्या उत्तरेला 'किक-एम-जेनी' नावाचा बुडालेला ज्वालामुखी आहे. त्याच्याभोवती दीड किलोमीटर जहाजांना बंदी असते, हालचाल वाढली की पाच. कारण एक तर स्फोट, आणि दुसरं म्हणजे बुडबुड्यांनी भरलेलं पाणी हलकं होतं, ते जहाजाला नेहमीसारखं उचलून धरत नाही.

आता आपल्या देशात या. अंदमानात पोर्ट ब्लेअरपासून साधारण 140 किलोमीटरवर 'बॅरन' बेट आहे. पाण्यावर साडेतीनशे मीटर, पाण्याखाली दोन हजारांहून अधिक. म्हणजे आपण ज्याला बेट म्हणतो तो त्या डोंगराचा निव्वळ शेंडा आहे. 1787 सालापासून त्याच्या उद्रेकांच्या नोंदी आहेत. मध्ये जवळजवळ दीडशे वर्षं तो गप्प होता, 1991 मध्ये पुन्हा जागा झाला. बेटावर वस्ती नाही. उतरायला परवानगी नाही.

जानेवारी 2017 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची मंडळी तिथल्या समुद्रतळाचे नमुने घेत होती. त्या चमूचे प्रमुख अभय मुधोळकर. अचानक बेटातून राख उसळू लागली. जहाज मैलभर मागे घेऊन त्यांनी निरीक्षण केलं. त्यांनी जे सांगितलं ते ऐका. दिवसा नुसते राखेचे ढग दिसत होते. सूर्य मावळल्यावर लाल लाव्ह्याची कारंजी दिसू लागली.

आमच्या मते या एका निरीक्षणात आजच्या व्याख्यानाचं सार आहे. ज्वालामुखी तोच, उद्रेक तोच. दिवसा धूर दिसला, रात्री आग दिसली. काय दिसतं हे वस्तूवर जितकं, तितकंच उजेडावर ठरलं. आणि तिसरी गोष्ट, वायू, दिवसाही दिसला नाही आणि रात्रीही दिसला नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत काय छापून येणार? लाल कारंजी. 'भारतातला एकमेव जिवंत ज्वालामुखी आग ओकतोय.' बातमी खोटी नाही. पण ती और्वाच्याच पठडीतली आहे. वायूचा फोटो निघत नाही, म्हणून वायूची बातमी होत नाही.

तेव्हा 'वडवानल' या प्रतिमेवर आमचे तीन आक्षेप आहेत.

पहिला. ही प्रतिमा धोका दिसण्याशी बांधते. आग दिसते, तापते, आपण मागे सरतो. वायूला असलं काही नाही. हवेत कार्बन डाय-ऑक्साइड एरवी 0.04 टक्के असतो. तो पाच टक्क्यांच्या आसपास गेला की धाप लागते, दहाच्या वर गेला की काही मिनिटांत माणूस बेशुद्ध पडतो. त्याला ना रंग, ना ओळखू येईल असा वास. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास असतो, पण तो थोडा असेल तोवर. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. म्हणजे वास थांबला की माणसाला वाटतं धोका टळला, आणि नेमका तेव्हाच तो वाढलेला असतो. इंद्रियांवर किती विसंबावं, या प्रश्नावर आम्ही प्रबंध लिहिला. एका वायूनं तो प्रबंध दोन ओळींत लिहून दाखवला.

दुसरा. ही प्रतिमा धोका लांब ढकलते. वडवानल कधी बाहेर पडणार? युगाच्या शेवटी. म्हणजे माझ्या, तुमच्या, नातवंडांच्या हयातीत नाही. व्हल्कानोचा वायू मात्र आज रात्री साचतो. आपत्तीला प्रलय म्हटलं की ती भव्य होते, आणि भव्य गोष्टीसाठी कुणी तयारी करत नसतो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर. ही प्रतिमा निसर्गाला मन देते. आग म्हणजे राग, आणि राग असला की त्याला कारण लागतं, अपराधी लागतो, शांती लागते. 'निसर्ग कोपला', 'समुद्रानं बळी घेतला' असं आपण लिहितो. बळी घेतला म्हटलं की प्रश्न संपतो. दाब किती होता, वारा कुठून होता, जहाज किती जवळ नेलं होतं, हे विचारायला जागाच राहत नाही. 1952 च्या सप्टेंबरमध्ये जपानच्या दक्षिणेला म्योजिन-शो या समुद्राखालच्या ज्वालामुखीची पाहणी करायला 'पाचवं काइयो-मारू' नावाचं जहाज गेलं. उद्रेकात जहाजासकट 31 जण गेले, त्यांत शास्त्रज्ञ होते. तिथे कोप कुणावर होता? जे समजून घ्यायला गेले त्यांच्यावर? कोपाच्या भाषेत या घटनेचा अर्थच लागत नाही. अंतराच्या भाषेत लागतो. 2017 मध्ये आपलं जहाज मैलभर मागे सरलं, आणि माणसं निरीक्षणं घेऊन घरी आली. त्या एका मैलाला आम्ही ज्ञान म्हणतो.

आता एक जुनी गोष्ट. ती सांगावी की नाही यावर आम्ही बसमध्ये विचार करत होतो. पण इथे बसलेल्या म्हाताऱ्या मंडळींपैकी काहींना ती ठाऊक असेल.

आम्ही आठ-नऊ वर्षांचे असू. उन्हाळ्याचे दिवस. याच शिवारात एका शेतातली जुनी विहीर उपसायची होती. पाणी आटलेलं, तळाशी गाळ आणि कुजका पाला. एक गडी दोराला धरून खाली उतरला. गाळापाशी पोचला आणि बसला. वरच्यांना वाटलं, दमला. हाका मारल्या, उत्तर नाही. त्याचा धाकटा भाऊ कुणाचं न ऐकता खाली उतरला. तोही तसाच बसला. तिसरा उतरायला निघाला, तेव्हा एका म्हातारीनं त्याचा सदरा धरला. ती ओरडली, "उतरू नोको रे बाप्पा! आधी कंदील सोड!" दोराला कंदील बांधून खाली सोडला. अर्ध्यापर्यंत गेला आणि विझला. ती म्हणाली, "कंदील विझला त माणूस बी विझते." तिसरा वाचला. दोन भाऊ गेले.

गाव काय म्हणालं? "विहिरीनं जोडीचा बळी घेतला." विहिरीवर नारळ फुटला, लिंबू बांधलं. त्या म्हातारीचं वाक्य कुणी भिंतीवर लिहून ठेवलं नाही. आम्हीही नाही. आम्ही मोठे झालो, शिकलो, पीएच.डी. झालो, 'वडवानल' शब्दावर टाळ्या घेतल्या, आणि ती म्हातारी विसरलो. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला याहून मोठी चूक करता येत नाही.

कारण त्या म्हातारीच्या वाक्यात सगळं आहे. ज्योतीला जे लागतं तेच माणसाला लागतं, आणि ज्योत आपल्या आधी जाते, म्हणून तिला आधी पाठवा. ही प्रतिमाही आगीचीच आहे, बरं का! पण इथे आग विध्वंस करत नाही, ती परीक्षा करते. वडवानल आपल्याला भिववतो आणि घरी पाठवतो. कंदील आपल्याला थांबवतो आणि विचारायला लावतो. दोन्ही मराठीच्याच घरातल्या आहेत. आम्ही परक्या भाषेतून काही आणलेलं नाही. घरातल्या दोन वस्तूंपैकी कोणती हातात घ्यायची, एवढंच म्हणतो आहोत.

ही जुन्या काळची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. 9 एप्रिल 2024. गुढीपाडवा. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातलं वाकडी गाव. एका जुन्या विहिरीत शेणाचा गाळ साठवलेला होता. त्यात मांजर पडलं. मांजराला काढायला एक जण उतरला. त्याला वाचवायला दुसरा, त्याच्यामागे तिसरा. पाच माणसं गेली. एक वाचला. त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. ही माणसं मूर्ख नव्हती, चांगली होती. मुक्या जनावरासाठी, आपल्या माणसासाठी उतरली. या वायूचं क्रौर्य, आम्हीही बघा पुन्हा तीच भाषा बोलू लागलो, या वायूचा गुणधर्म असा आहे की तो चांगुलपणाच्या वाटेनं माणसं नेतो. त्याला शौर्यानं उत्तर देता येत नाही, थांबण्यानं देता येतं.

आता आमच्याच म्हणण्याची उलटतपासणी करू. कंदीलही निर्दोष नाही. प्राणवायू कमी असेल तर तो विझतो, हे खरं. पण थोडासा हायड्रोजन सल्फाइड किंवा इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला मारायला पुरेसा असतो, आणि तेव्हा कंदील खुशाल जळत राहतो. शेणाच्या खड्ड्यात मिथेन असेल तर कंदीलच स्फोट घडवील. म्हणजे म्हातारीचं उपकरण अपुरं होतं. पण तिची रीत पुरी होती. माणसाआधी चाचणी. आज त्या जागी वायुमापक यंत्र आहे. कोलुंबोच्या विवरात आधी यंत्र उतरलं, ती हीच रीत. प्रतिमा चांगली कोणती? जी चुकली तर दुरुस्त करता येते ती. कंदिलाच्या जागी मापक ठेवता येतो. वडवानलाच्या जागी काय ठेवणार?

जाता जाता आणखी एका शब्दाबद्दल. 'ज्वालामुखी.' हिमाचलात कांगड्याला ज्वालामुखी देवी आहे. तिथे खडकातून नैसर्गिक वायू निघतो आणि जळतो. तिथे ज्वाला आहे, ज्वालामुखी पर्वत नाही. समुद्राखाली पर्वत आहे, ज्वाला नाही. आणि दोन्हीकडे मूळ वस्तू वायू आहे, जिचा त्या शब्दात उल्लेखच नाही. शब्द बदला असं आम्ही म्हणत नाही, आता ते व्हायचं नाही. शब्द उच्चारताना त्यात काय राहून गेलं, ते मुलांना सांगा, इतकंच.



(यानंतर श्रोत्यांनी विचारलेले प्रश्न.)

एक विद्यार्थी : सर, मग 'वडवानल' शब्द वापरायचाच नाही का? कवितेतही नाही?

उत्तर : वापरा की! माणसाच्या रागाबद्दल बोलायचं असेल तर त्यासारखा शब्द नाही. वसिष्ठांनी पराशराला तोच सांगितला, आणि त्यानं आपला संहार आवरला. आमचं भांडण एवढंच, की माणसाबद्दल घडवलेला शब्द समुद्राबद्दलचं ज्ञान म्हणून चालवू नका. तुमच्या कवितेत समुद्र खुशाल रागवू दे. तुम्ही उद्या अंदमानात नोकरीला लागलात आणि बोटीनं बॅरन बेट बघायला गेलात, तर वारा कुठल्या बाजूनं आहे ते विचारा, आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लांब राहा.

एक भगिनी : आमच्या वावरातली विहीर यंदा उपसायची आहे. आमचे हे कुणाचं ऐकत नाहीत. तुम्हीच सांगा, काय करायचं?

उत्तर : माय, हा आजचा सगळ्यांत चांगला प्रश्न. शक्य असेल तर माणूस उतरवूच नका, गाळ यंत्रानं काढून घ्या. उतरावंच लागलं तर आधी मापकानं तपासून घ्या. डिझेल इंजिन विहिरीच्या आत ठेवून चालवू नका. पंख्यानं किंवा कॉम्प्रेसरच्या नळीनं आधी ताजी हवा आत सोडा, आणि काम संपेपर्यंत सोडत राहा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा, वर दोन धडधाकट माणसं दोर धरून उभी पाहिजेत. आणि खालचा माणूस पडलाच, तर त्याच्यामागे कुणीही उतरायचं नाही. दोर ओढायचा, 112 ला फोन करायचा. हे आधी, विहिरीच्या काठावर सगळ्यांनी मिळून ठरवायचं. ऐन वेळी माया ठरवू देत नाही.

आणि तुमचे हे ऐकत नसतील, तर त्यांचा सदरा धरा. साठ वर्षांपूर्वी याच गावात एकीनं धरला होता.